क्लेमंट हेवूडचं राहिलेलं कोडं

१

शनिवारी सकाळी दहाला विल्फ्रेड ऑग्डेन मुरिएलच्या मागच्या दारावर टकटक करायचा आणि आतून आवाज यायचा, "उघडंच आहे रे, ये." टोपी खुंटीला, काठी कोपऱ्यात, बूट पायपुसण्यावर दोनदा घासायचे. टेबलावर लोकरीची टोपी घातलेली चहाची किटली, बशीत गरम ओटकेक आणि त्यांच्याशेजारी दुमडून ठेवलेला वर्तमानपत्राचा शेवटून दुसरा कागद. त्यावर शनिवारचं मोठं शब्दकोडं.

हे नोव्हेंबरपासून चालू होतं. मुरिएलचा नवरा क्लेमंट गेला त्या नोव्हेंबरपासून. दफनाहून परत आल्यावर, सगळे सँडविच खात उभे असताना तिने विल्फ्रेडची बाही धरली होती. "क्लेम नि तू अकरा वर्षं त्या चौकोनांत डोकं घालून बसलात. आता मला शिकव. शनिवार खायला उठतो मला."

नाही कसं म्हणणार? निदान विल्फ्रेडला तरी ते जमण्यासारखं नव्हतं. का, ते पुढे येईलच.

शिकायला मुरिएल भारी निघाली. "हे बघ," विल्फ्रेडने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सूचनेच्या दोन टोकांपैकी एका टोकाला खरा अर्थ असतो. मधली सगळी धूळफेक. आणि मोडका, झिंगलेला, पिसाळलेला असा काही शब्द दिसला की समजायचं, शेजारच्या शब्दाची अक्षरं उलटीपालटी करायची आहेत."

"म्हणजे हा माणूस सरळ काही बोलतच नाही?"

"कोडं रचणारा? मुळीच नाही. पण खोटंही बोलत नाही. तो नियमच आहे. सगळं तुझ्या डोळ्यांसमोर ठेवलेलं असतं, तुला फक्त दिसू द्यायचं नसतं."

"काय कावेबाज आहे मेला!" मुरिएल खूश होऊन म्हणाली होती.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ती चष्मा नाकावर ओढून वाचत होती. "दुसऱ्याच्या घरात लेकरं वाढवणारी आळशी. ही तर आपली कोकिळा! बरोबर?" विल्फ्रेडने मान हलवली आणि पेन्सिल तिच्याकडे सरकवली. मग चहा ओतायला हात पुढे केला, आणि सहज म्हणून भिंतीकडे बघितलं.

खिडकीशेजारी खिळ्याला क्लेमंटची लिहायची फळी टांगलेली होती. फळीला चिमट्याने लावलेला, तो गेला त्या दिवसाचा, त्या शनिवारचा कागद. मुरिएलने तो काढला नव्हता. क्लेमंटचं अर्धवट राहिलेलं कोडं. पेन्सिलीला तो तुच्छ मानायचा, सगळं निळ्या शाईत, ठाम मोठ्या अक्षरांत. नऊ शब्द राहिले होते. विल्फ्रेडला तो आकडा पाठ होता. दफनाच्या दिवशी या खोलीत लोकांकडे बघवत नव्हतं तेव्हा त्याने त्या रिकाम्या जागाच मोजल्या होत्या, एकदा नाही, दहादा.

आज आठ होत्या.

२

घरी जाताना त्याने स्वतःला चांगलं झापलं. सत्तरी उलटली की माणसाला आकडे दगा देतात. आयुष्यभर औषधाच्या दुकानात गोळ्या मोजल्या, तरी एखादी चुकायचीच की! नाहीतर मुरिएलने भरला असेल. शिकतेय, हौस असते, आपलंच शिकलेलं तपासून बघितलं असेल. नवऱ्याच्या पेनने, नवऱ्याच्या कागदावर. विधवा बाई आहे, तिला कोण विचारणार?

विचारायचं मात्र त्याने टाळलं. त्या कागदाबद्दल बोलायचं म्हणजे त्या शनिवारबद्दल बोलायचं.

पुढच्या शनिवारी सात होत्या. त्याच्या पुढच्या शनिवारी सहा.

चौथ्या वेळी मुरिएल भांडी पुसत असताना तो उठून फळीजवळ गेला. नवे शब्द ओळखायला वेळ लागला नाही. वर क्लेमंटची अक्षरं शिपायांसारखी ताठ उभी होती. नवी अक्षरं त्याचीच, तीच वळणं, पण चौकोनांच्या बाहेर सांडलेली, सगळी एका बाजूला कललेली. शेवटचं अक्षर तर दोन घरं खाली घसरलं होतं.

"काय बघतोस?" मुरिएलने पाठमोरीच विचारलं.

"काही नाही. खिडकीला रंग द्यायला झालाय."

"क्लेम देणार होता या वसंतात," ती म्हणाली. बशी पुसून ठेवली आणि पुढे नेहमीचं म्हणाली, "एका क्षणात गेला बघ. त्याला काही कळलंसुद्धा नाही. तेवढंच माझं समाधान."

हे वाक्य ती दर शनिवारी एकदा म्हणायची. प्रत्येक वेळी विल्फ्रेड म्हणायचा, "हो गं, भाग्यवान माणूस." आणि प्रत्येक वेळी हातातला ओटकेक बशीत परत ठेवायचा.

३

आता तो शनिवार सांगून टाकायला हवा.

क्लेमंट हेवूड खाटीक. चाळीस वर्षं गावात दुकान, हात दंडापर्यंत लाल, आणि शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली. विल्फ्रेड ऑग्डेन औषधवाला, शिकलेला, लॅटिन येणारा. आणि अकरा वर्षांत शनिवारचं कोडं क्लेमंटने विल्फ्रेडच्या आधी सोडवलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. एकदाही नाही! पोटात दुखायचं विल्फ्रेडच्या, नाही कसं? वरवर हसायचा, पण दुखायचं.

दोघांची एक रीत होती. ज्याचं कोडं आधी पुरं होईल त्याने दुसऱ्याला फोन करायचा. तीन घंटा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. बोलायचं नाही. तीन घंटा म्हणजे, झालं माझं, बस तू चोळत. तीनच्या पुढे वाजत राहिला तर समजायचं, गडी अडलाय, मदत मागतोय. मग उचलायचं, थोडं चिडवायचं आणि एखादा इशारा द्यायचा. संध्याकाळी पबमध्ये हरलेल्याने पाजायची. अकरा वर्षं विल्फ्रेडच्या घरी तीनच घंटा वाजत आल्या होत्या.

त्या शनिवारी मुरिएल बक्स्टनला बहिणीकडे गेली होती. बाहेर बर्फाळ धुकं. साडेअकराला विल्फ्रेडचे दोनच शब्द राहिले होते, आणि फोन वाजला. एक, दोन, तीन. त्याने डोळे मिटले. चार. पाच. त्याने डोळे उघडले.

क्लेम अडला होता!

सुखाची अशी लहर विल्फ्रेडच्या अंगातून कित्येक वर्षांत गेली नव्हती. कुठे अडलाय तेही त्याला कळलं. सव्वीस आडवा, हृदयाची घडी बसवणारं औषध, ज्याचं नाव बोटांवरून पडलंय. लॅटिनमध्ये बोट म्हणजे डिजिटस, म्हणून डिजिटॅलिस. औषधवाल्यालाच यावं असं उत्तर होतं. हात फोनकडे गेलासुद्धा, पण त्याने तो मागे घेतला. वाजू दे. आज मी आधी पुरं करणार. वीस घंटा वाजल्या, मग फोन थांबला. बाराला पुन्हा वाजला, पुन्हा वीस. विल्फ्रेडने उशी आणून फोनवर ठेवली.

संध्याकाळी गावात बातमी पसरली. मुरिएल दोननंतर घरी आली तेव्हा क्लेमंट स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेला होता. मेंदूत रक्तस्राव. सगळं एका क्षणात, असं मुरिएलने सगळ्यांना सांगितलं.

विल्फ्रेडने ते वाक्य दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एका क्षणात ना? मग ठीक. म्हणजे फोन केले तेव्हा तो धडधाकट होता, कोड्यासाठीच करत होता, आणि नंतर केव्हातरी कोसळला. दफनाच्या वेळी मुरिएलचे हात हातात घेऊन तो म्हणाला होता, "त्याने मला एक फोन केला असता तर मी धावत आलो असतो." कुणी विचारलं नव्हतं. आपणहून म्हणाला. मुरिएल त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली होती आणि मग म्हणाली होती, "ते मला ठाऊक नाही का, विल्फ."

४

एप्रिलच्या शेवटी चार जागा उरल्या होत्या. मग तीन. मग दोन.

विल्फ्रेडने पाळत ठेवायचं ठरवलं. फळी समोर दिसेल अशा खुर्चीवर तो बसू लागला. मुरिएलच्या बोटांवर शाई दिसते का बघू लागला. नव्हती. एकदा तर घरी येऊन त्याने स्वतःचीच बोटं दिव्याखाली धरून तपासली, कारण झोपेत चालणाऱ्या माणसांबद्दल त्याने वाचलं होतं. दोघांच्या घरांमध्ये एक गल्ली, मागचं दार कायम उघडं. झोपेत चालत जाऊन भरत असू आपणच? तसं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. वेड लागणं हा त्यातल्या त्यात सोपा आजार.

त्या शनिवारी ऊन छान पडलं होतं. मुरिएल धुतलेल्या चादरी घेऊन मागच्या बागेत गेली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती, तोंडात लाकडी चिमटे, हात वर. स्वयंपाकघरात विल्फ्रेड एकटा. किटलीचं पाणी थंडावताना टिकटिक करत होतं.

मग दुसरा आवाज आला. खर्र, आणि थांबला. पुन्हा खर्र.

कागदावर पेन चालल्याचा आवाज. अकरा वर्षं पबमध्ये आठवड्याची छोटी कोडी सोडवताना ज्याच्यासमोर बसून ऐकला तो आवाज माणूस चुकतो थोडाच! विल्फ्रेडने फळीकडे बघितलं. फळी भिंतीवर स्वस्थ होती. आवाज तिथून येत नव्हताच.

आवाज खालून येत होता. टेबल आणि चुलीच्या मधल्या फरशीवरून.

त्याने खाली बघितलं नाही. मान वळेना म्हणा, किंवा वळवली नाही म्हणा. तो टेबलाची कड धरून बसला आणि फरशीलगत ते पेन चालत राहिलं, सावकाश, एकेक अक्षर, मधेच जड श्वास घेतल्यासारखं थांबून. आणि तेव्हा ती कललेली, सांडलेली अक्षरं त्याला एकदम समजली. एका कुशीवर पडलेला माणूस असंच लिहील. गाल फरशीला टेकलेला, एकच हात चालतोय, कागद नाकाशी. पडल्यावर क्लेम शब्द जुळवत होता. डोकं जागं होतं. कुणी येईपर्यंत वेळ काढायला, घाबरू नये म्हणून, त्याला जे येत होतं तेच तो करत होता. तेव्हा लिहिता आलं नसेल. आता लिहीत होता.

म्हणजे एका क्षणात नाही. साडेअकराला तो धडधाकट नव्हता, बारालाही नव्हता. ते दोन्ही फोन फरशीवरून आले होते.

मागचं दार वाजलं आणि आवाज थांबला. मुरिएल रिकामी टोपली घेऊन आत आली. "अरे, तुझा रंग असा काय उडालाय? चहा कडू झाला का?"

विल्फ्रेडने फळीकडे बघितलं. एकच जागा उरली होती. सव्वीस आडवा.

५

तो आठवडा त्याला झोप आली नाही. चर्चमध्ये गेला तर तिथल्या दगडी फरशीकडे बघवेना. एकच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता. पुढच्या शनिवारी ते कोडं पुरं होईल, मुरिएल एक दिवस मान वर करून ते बघेल, आणि तिलाही कळेल की तिचा नवरा तासन्‌तास जागा होता. तिचं तेवढंच समाधान आहे, ते जाईल. ते जायच्या आधी तिला आपल्या तोंडून कळलं पाहिजे. एवढं तरी तिचं देणं लागतो आपण.

शनिवारी त्याने टोपी काढलीच नाही. मुरिएलने पुढ्यात ठेवलेला नवा कागद बाजूला सारला.

"मुरिएल, मला सांगायचंय काहीतरी. बसून घे."

ती बसली. हात पुसायचं फडकं मांडीवर ठेवलं.

"क्लेमने मला फोन केला होता. त्या दिवशी. दोनदा. साडेअकराला आणि बाराला. मी उचलला नाही. मला वाटलं, कोड्यात अडलाय. मला... मला एकदा त्याच्या आधी पुरं करायचं होतं, मुरिएल. एवढ्यासाठी. एवढ्याशा गोष्टीसाठी!" विल्फ्रेड म्हातारा रडायला लागला. नाक पुसायलाही त्याला सुचलं नाही.

मुरिएल ओरडली नाही. तिने सुस्कारा टाकला, जणू महिनोन्‌महिने उचललेली पाण्याची बादली खाली ठेवली.

"पंचवीस शनिवार लागले तुला," ती म्हणाली.

विल्फ्रेडने मान वर केली.

"मी दोन वाजून दहा मिनिटांनी आले," मुरिएल म्हणाली. "तो जिवंत होता, विल्फ. तोंड वाकडं झालेलं, बोलता येत नव्हतं. ओट्यावरचा फोन वायर धरून खाली ओढला होता त्याने, तो नवा, न उचलता लागणारा. एक बोट बटणावर. शेवटचा नंबर पुन्हा लावायचं बटण. तेवढंच जमत होतं त्याला. मी त्याच्या बोटावर बोट ठेवून तेच बटण दाबलं. तुझ्याकडे वाजला. किती वाजू दिला मी! तू गल्लीच्या टोकाला, तुझ्याकडे गाडी, तू औषधं जाणणारा. मग अॅम्ब्युलन्सला केला. बर्फामुळे चाळीस मिनिटं लागली त्यांना. अर्ध्या तासात तो गेला, माझ्या मांडीवर."

सव्वादोनचा फोन! विल्फ्रेडला तोही आठवला. उशीखालून गुरगुरला होता. बस आता विनवण्या करत, असं म्हणून त्याने रेडिओ मोठा केला होता.

"मग तू एका क्षणात... सगळ्यांना..."

"तुझ्यासाठी म्हणाले ते. गावात तोंड दाखवता यावं तुला म्हणून. मला वाटलं, तू येशील आणि सांगशील. तू आलास आणि म्हणालास, फोन केला असता तर धावत आलो असतो." ती थांबली. "तेव्हा थोबाडीत द्यावीशी वाटली होती तुझ्या. मग म्हटलं, असू दे. शनिवारी बोलवू या. कधीतरी बोलेल."

"आणि ते?" त्याने फळीकडे बोट केलं.

"आधी मला वाटलं तूच लिहितोयस. तोंडाने जमत नाही म्हणून." मुरिएलने मान हलवली. "नंतर कळलं. मी काही बहिरी नाहीये, विल्फ."

मग तिने टेबलावरून हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला. उबदार, साबणाचा वास असलेला हात. "झालं. बोललास ना? माणूस चुकतो. क्लेमसुद्धा तुला चिडवायला काही कमी करायचा नाही. मी राग धरणार नाही तुझ्यावर. फक्त एवढं सांग. आणखी काही आहे का?"

आणखी एक गोष्ट होती. ती फक्त विल्फ्रेडला ठाऊक होती, आणि ती आता सांगण्यात काय अर्थ होता? त्या हाताखालून आपला हात त्याला काढायचा नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "एवढंच."

खर्र.

दोघांनीही ऐकलं. मुरिएलचा हात हलला नाही. टेबल आणि चुलीच्या मधे, फरशीलगत, पेन चालू झालं. या वेळी थांबत नव्हतं, भराभर चाललं होतं, उत्तर सापडलेल्या माणसाचं चालतं तसं. आणि या वेळी विल्फ्रेडने खाली बघितलं. एकदाच, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. टेबलाच्या पायापलीकडे तपकिरी लोकरीची बाही. कोपर फरशीला टेकलेलं आणि हलणारं. त्यापलीकडचं त्याने बघितलं नाही, आणि पुढे आयुष्यभर तो याबद्दल देवाचे आभार मानत राहिला.

आवाज थांबला. मुरिएल उठली, एका हाताने फळी खिळ्यावरून काढली आणि परत येऊन बसली. दुसरा हात पुन्हा विल्फ्रेडच्या हातावर ठेवला.

"भरला," ती वाचत म्हणाली. "सव्वीस आडवा. तुझं ते औषध. आणि खाली वेळ लिहिलीये."

कोडं पुरं झालं की समासात वेळ टाकायची, हे सगळेच करतात. क्लेमंटही करायचा. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, घसरत गेलेल्या निळ्या आकड्यांत लिहिलं होतं, एक वाजून पाच मिनिटं.

"एक वाजून पाच," मुरिएल म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "दोनदा फोन केले त्याने, साडेअकरा नि बारा. मी आले दोन दहाला. एक वाजून पाच मिनिटांनी काय झालं, विल्फ?"

खोटं बोलायला विल्फ्रेडला जागाच उरली नव्हती.

"माझं पुरं झालं," तो म्हणाला. "मी फोन केला. तीन घंटा वाजवल्या. आणि ठेवून दिला."

मुरिएलने फळी टेबलावर आडवी ठेवली.

"चौथी वाजू दिली असती तर..." विल्फ्रेड म्हणाला. "त्याचं बोट तिथेच होतं ना, फोनवर. थोडा वेळ वाजू दिला असता तर त्याने घेतला असता गं. मी त्याचा श्वास ऐकला असता. मी त्याला तीन घंटा दिल्या, मुरिएल. आणि हसलो."

मुरिएलने त्याच्या हातावरचा हात काढून घेतला. झटक्याने नाही, सावकाश. फळी छातीशी धरली, खाली फरशीकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर विल्फ्रेडने पंचवीस शनिवारांत न पाहिलेली माया आली. ती त्याच्यासाठी नव्हती.

"जा तू आता, विल्फ्रेड," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी येऊ नकोस. आम्हा दोघांना जेवायचंय."